यूद्रीपलीकडे पाठवलेला निरोप

बाबा गेल्याचं मला ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात कळलं. कॉर्फूच्या बंदरात, गलबतावरच, तापानं गेले. जानेवारीत कधीतरी, तारीख लिहिलेली नव्हती. पाद्रीबाबांनी कागद माझ्याच हातात दिला, कारण गावात आलेला कुठलाही कागद शेवटी माझ्याकडेच येतो. मी तो उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि मग त्यांनाच वाचून दाखवला. पाच वर्षांच्या शिक्षेतली दोन वर्षं आणि तीन महिने झाले होते.

गावात सगळे म्हणतात, माझ्या बाबांनी, चक्कीवाल्या बोर्तुलनं, घाई केली. भोळा माणूस, त्याला कागदातलं काय कळणार? बाबांनीही तसंच मानलं. ते तसं नव्हतं, हे फक्त मला ठाऊक आहे.

आमची पाणचक्की यूद्री नदीच्या अलीकडे, रिव्हाल्ते गावाच्या टोकाला आहे. नदीच्या या काठापर्यंत व्हेनिसचं राज्य, त्या काठापासून आर्चड्यूकचं. मी अठरा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात पाणी फार कमी झालं होतं. शेजारच्या व्हालेन्तीननं आमच्या पाटाची फळी पाडून पाणी आपल्या कुरणाकडे वळवलं. एकदा नाही, चार दिवस रोज. पाचव्या दिवशी बाबा पहार घेऊन गेले. एकच फटका बसला. व्हालेन्तीन तिसऱ्या दिवशी गेला आणि त्याच दिवशी आईनं बाबांच्या पिशवीत भाकरी आणि चक्कीच्या दगडाला टाकी लावायची हत्यारं घालून त्यांना नदीपार पाठवलं. ती म्हणाली, "जिवंत असलात तर निदान कुठेतरी आहात म्हणता येईल."

शिक्षा त्यांच्या पाठीमागे झाली. चर्चच्या पायऱ्यांवर दवंडीवाल्यानं ती वाचली: सरकारच्या सगळ्या शहरांतून, गावांतून, जमिनींवरून, तसंच शस्त्र असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या जहाजांवरून बोर्तुल कायमचा हद्दपार, शिवाय सीमेपलीकडे पंधरा मैलांच्या आतही त्यानं राहायचं नाही. हद्दीत सापडला, तर पायांत बेड्या घालून पाच वर्षं वल्ह्यावर. पंधरा मैलांच्या त्या अटीमुळे बाबा नदीच्या त्या काठावर उभे राहिलेलेसुद्धा आम्हाला कधी दिसले नाहीत. डोंगरापलीकडे कुणाच्या तरी चक्कीवर ते नोकर म्हणून राहिले. आठ वर्षांत मी दोनदा जाऊन आले. आई एकदाही जाऊ शकली नाही, चौथ्या वर्षी ती वारली. चक्की मी चालवायला लागले. चक्की बंद असेल त्या दिवशी नोटरी सेर ओत्ताव्ह्योंच्या घरी दस्तांच्या नकला करायचे. त्यांच्या कपाटातली पुस्तकं मी एकेक करून वाचून काढली. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला घरी बोलावणारं कुणी नव्हतं.

आमच्याकडे खून झाला की दोन हिशेब असतात. एक सरकारचा आणि एक मेलेल्याच्या घराचा. मेलेल्याच्या घरानं साक्षीदारांसमोर शांती दिली, तर तिचा दस्त होतो, आणि त्या दस्ताच्या आधारानं हद्दपारी उठवण्यासाठी सरकारकडे अर्ज करता येतो. शांती नसेल तर अर्जच नाही. आणि शांती मागायचा दिवस म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी अनवाणी, केस मोकळे सोडून, चर्चपासून चालत मेलेल्याच्या दारात जायचं आणि गुडघे टेकायचे.

मी दर वर्षी व्हालेन्तीनच्या बायकोच्या, दोरोतेया काकीच्या दारात गुडघे टेकले.

पहिल्या वर्षी तिनं दारच उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी उघडलं आणि धुण्याचं पाणी माझ्या अंगावर ओतलं. मग वाकून बघितल्यासारखं करत म्हणाली, "अगं बाई, तू होतीस होय? मला वाटलं बदक बसलंय." रस्त्यावरचे लोक हसले. मीही हसले असते, इतकं ते नेमकं होतं. आई गेली त्या वर्षी ती नुसतं म्हणाली, "ऊठ. उपाशी पोटी गारठ्यात बसू नये." त्यापुढची तीन वर्षं तिनं मला पाहिलं, नाही म्हणून मान हलवली आणि दार अगदी हळू लावलं.

आठव्या वर्षी ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली.

"किती वर्षं झाली गं?"

"आठ, काकी."

"तुझे गुडघे बरे आहेत का?"

"बरे आहेत."

"माझे नाहीत." तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझा पिएरी सतराचा झाला. काल लोहाराच्या दुकानात त्याला कुणीतरी विचारलं, कमरेला चाकू लावतोस तो कांदे चिरायला का? मला सांगायला घरी आला, तेव्हा हसत होता. मला त्याचं ते हसणं आवडलं नाही."

मी गुडघ्यांवरच थोडी पुढे सरकले.

"तुझा बाप डोंगरापलीकडे आहे, हे त्या पोराला माहीत आहे. दोन दिवसांची वाट आहे, हेही माहीत आहे. तो गेला आणि त्यानं केलं, तर मी काय करू? तुझ्यासारखी दारोदार गुडघे टेकू?" ती भिंतीला धरून उठली. "नवऱ्याला मी विसरलेले नाही. ते तुला वाटायला नको. पण पोरगा मला घरात हवाय. बोलव त्या नोटरीला, नाहीतर रात्रीत माझं मन फिरेल."

सेर ओत्ताव्ह्यो उपासानं चिडलेले होते, पण आले. साक्षीला पाद्रीबाबा आणि दोन म्हातारे शेतकरी. पिएरीलाही काकीनं हाताला धरून उभं केलं आणि "हो म्हण" असं सगळ्यांसमोर दटावलं. तो हो म्हणाला. मग रिवाजाप्रमाणे काकीनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून ओठांवर चुंबन घेतलं. तिच्या तोंडाला दिवसभराच्या उपासाचा वास होता, माझ्याही असणार. लोकांनी टोप्या काढल्या. चर्चच्या घंटा त्या दिवशी वाजत नाहीत, म्हणून पोरांनी लाकडी खुळखुळे वाजवले. आमच्या गावापुरतं ते प्रकरण तिथं संपलं. कुणालाही विचारा, संपलं असंच सांगतील.

दस्ताची नक्कल मीच केली. सेर ओत्ताव्ह्यो शेजारी बसून सांगत होते.

"हा आता शहरात जाईल. तिथून अर्जासोबत व्हेनिसला. मग शिक्का, मग दवंडी. सेंट मार्टिनच्या सणापर्यंत झालं तर नशीब समज."

"म्हणजे नोव्हेंबर."

"आणि तोवर त्याला सांग, पाय हलवू नकोस. दवंडी होईपर्यंत जुनी शिक्षा तशीच उभी. तू वाचलं आहेसच."

वाचलं होतं. त्याच वर्षी तशा तीन प्रकरणांच्या नकला मी केल्या होत्या.

डोंगरापलीकडे निरोप न्यायचा एकच मार्ग होता, ब्लास. तो मीठ घेऊन जायचा आणि लाकडी भांडी घेऊन यायचा, आणि त्याची चार पोरं आमच्या चक्कीचं पीठ खाऊन मोठी झाली होती. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून निरोप तोंडीच. आठ वर्षांत मी त्याच्याजवळ कितीतरी निरोप दिले: पुराचे, आईच्या आजाराचे, आई गेल्याचा, नव्या दगडाचा. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी एकच शब्द असायचा, थांबा. ब्लास तो माझ्या आधीच म्हणायचा. "आणि थांबा, असंच ना?"

ईस्टरनंतरच्या मंगळवारी तो चक्कीच्या दारात गाडी उभी करून आला.

"बोल, पोलोनिया. गावात चर्चा आहे, पण मला तुझ्या तोंडून हवं."

"सांग, दोरोतेया काकीनं शांती दिली. साक्षीदारांसमोर चुंबन झालं. पिएरीही हो म्हणाला."

"बरं." तो वाट बघत उभा राहिला. "आणि?"

माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. मला बाबांचा चेहरा दिसला; दुसऱ्या भेटीत मी निघताना तो शब्द उच्चारला, तेव्हा त्यांनी मान हलवली होती, एखाद्या नोकरानं मालकापुढे हलवावी तशी. नोव्हेंबरपर्यंत सात महिने. कदाचित पुढचा नोव्हेंबर. एकदा, एकच निरोप त्या शब्दाशिवाय जावा, असं मला वाटलं. पुढचा विचार मी केला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. विचार केला. बाबा निघतील, हे मला कळत होतं. चार-पाच दिवसांनी ते या दारात उभे असतील, हेही कळत होतं. ते मला हवं होतं.

"एवढंच," मी म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच, ब्लास."

तो हसला, टोपी उडवली आणि गेला.

बाबा आले ते रविवारी, भर दुपारी, मोठ्या रस्त्यानं. धुतलेला सदरा घालून. चोरून येणारा माणूस असा येत नाही. आधी ते घरी आलेच नाहीत. सरळ दोरोतेया काकीच्या दारात गेले आणि तिथं गुडघे टेकले. काकी म्हणाली, "उठा आता. तुमच्या घराण्याला माझ्या दारात बसायची सवयच लागलीय." मग त्यांनी पिएरीचा हात हातात घेतला. पिएरीनं तो घेऊ दिला.

मी चक्कीच्या दारात उभी होते. ते रस्ता ओलांडून आले तेव्हा मला दिसलं की ते उंचीनं कमी झाले होते. केसांत पीठ असावं तसे केस पांढरे झाले होते, पण ते पीठ नव्हतं. आत फिरणाऱ्या दगडांकडे कान देऊन ते म्हणाले, "तळीचा आवाज बरोबर नाही. टाकी लावली नाहीस का?"

"लावली, बाबा. मला तुमच्यासारखी जमत नाही."

"ते ऐकू येतंय."

घरात राळ्याची घट्ट लापशी होती आणि द्राक्षांच्या चोथ्यात आंबवलेले सलगम. ते आईच्या जागेकडे न बघता जेवले. अर्धं गाव दारात येऊन गेलं. कुणी वाइन आणली, कुणी अंडी. कुणालाही भीती वाटली नाही. शांती झाली होती, माणूस घरी आला होता. सेर ओत्ताव्ह्यो तेवढे शहरात गेले होते. ते असते तर त्यांनी त्याच क्षणी बाबांना नदीपार हाकललं असतं. मीही हाकलू शकत होते. मी मनात म्हणाले, उद्या सांगेन. उद्या दुपारी. एकदा तळीला टाकी लावून होऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वरचा दगड उचलून बाजूला केला आणि तळीवर वाकून बसले. टाकीचा तो एकसारखा, बारीक आवाज मी आठ वर्षांनी ऐकत होते. मी काही काम न करता पायरीवर बसले होते. शिपाई आले तेव्हा जेमतेम अर्धी तळी झाली होती. शेजारच्या गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. सणाच्या गोष्टीसारखं सांगितलं असेल, वैरानं नाही. बाबांनी मान वर करून मोठ्या शिपायाला नमस्कार केला. "शांती झालीय," ते म्हणाले. "विचारा कुणालाही."

"झाली असेल," शिपाई म्हणाला. "शिक्का कुठाय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

शहरातल्या न्यायालयात दोरोतेया काकी माझ्याबरोबर आली. कुणी बोलावलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती शहर बघत होती आणि पायरीवरच्या पहारेकऱ्याला तिनं बाजारातल्या बाईसारखं कोपरानं ढकललं.

"माझा नवरा मारला त्यानं," ती न्यायाधीशांच्या कारकुनाला म्हणाली. "तुमचा कोण मारला?"

कारकून तरुण होता आणि सभ्य होता. "बाई, तुमची शांती आम्ही मान्य करतो. तिचा अपमान नाही. पण शिक्षा असताना तो हद्दीत आला. तो गुन्हा तुमच्याविरुद्ध नाही, सरकारविरुद्ध आहे."

"सरकारनं त्याला जहाजांवरूनही हद्दपार केलंय ना? मी स्वतः ऐकलं पायऱ्यांवर. शस्त्राच्या आणि बिनशस्त्राच्या."

"हो."

"आणि आता जहाजावरच पाठवणार?"

कारकून हसू दाबत खाली बघायला लागला. "वल्ह्याचं वेगळं असतं, बाई."

"वेगळं कसं? पाण्यात नसतं का?"

शिक्षा तीच राहिली, पाच वर्षं. तिच्यात एक कलम होतं: प्रकृती वल्ह्याला योग्य नसेल, तर दहा वर्षं अंधारकोठडी. वैद्यानं बाबांना तपासलं तेव्हा आम्हाला दाराबाहेर उभं केलं होतं. त्यांना खोकला होता, वय बावन्न. नंतर त्यांनी मला सांगितलं, "श्वास धरून छाती फुगवली. म्हटलं, पाच म्हणजे दहापेक्षा बरीच." त्यांना त्याचा अभिमान वाटत होता.

ऑक्टोबरमध्ये व्हेनिसच्या धक्क्यावर मी त्यांना शेवटचं पाहिलं. तेव्हाही काकी सोबत होती. "तुला एकटीला पाठवलं तर तू पुस्तक वाचत चुकीच्या होडीत बसशील," असं म्हणून आली. गलबत निघायचं होतं तोवर बेडी घातलेल्या वल्हेकऱ्यांना फळीवर बसू देत. ते बसून लोकरीचे पायमोजे विणायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विकायचे. बाबांचे केस काढून टाकले होते. दगडाला टाकी लावणाऱ्या त्यांच्या बोटांत सुया होत्या. मला बघून त्यांनी विणकाम मांडीखाली लपवलं.

"दाखवा ना, बाबा."

"टाच जमत नाही अजून."

काकीनं मोजा घेऊन उलटा करून पाहिला. "कुत्र्याच्या पायाला बसेल," ती म्हणाली. बाबा हसले. मग ती त्यांना टाच कशी वळवायची ते दाखवायला लागली आणि दोन ओळी विणून देऊन शहाणपणानं लांब जाऊन उभी राहिली.

मी त्यांच्याजवळ बसले. मी सांगायचं ठरवून आले होते. वाटेत, होडीत, वाक्य जुळवून ठेवलं होतं. बाबा, तो निरोप मी तसाच मुद्दाम दिला.

"बाबा, त्या निरोपात—"

"तेच मीही तुला सांगणार होतो," ते म्हणाले. "ब्लासनं निरोप सांगितला आणि गप्प बसला. मी म्हटलं, पुढे? तो म्हणाला, पुढे काही नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा. पोरी, मी त्याच्या गाडीला धरून रडलो. मालकाला हिशेबसुद्धा विचारला नाही." ते सुयांकडे बघत होते. "तू शिकलेली. शिक्क्याचं वगैरे तुझ्या मनात असणारच. ते गृहीतच धरलं असशील, की बापाला एवढं तर कळेल. मलाच कळलं नाही. चूक माझी. तू मनाला लावून घेऊ नकोस."

माझं वाक्य तयार होतं. ते मी म्हटलं असतं, तर त्यांच्याजवळचा तो एक दिवस, गाडीला धरून रडल्याचा, कसा झाला असता ते मला दिसत होतं. म्हणून मी बोलले नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. मी म्हणाले, "नाही लावून घेणार."

"तळी अर्धीच राहिली."

"मी पुरी करते."

"डाव्या बाजूच्या रेघा जरा खोल घे. मी तिथपर्यंत पोचलो नव्हतो."

शिट्टी झाली. मुकादमानं फळीवरच्या लोकांना आत घेतलं आणि साखळ्यांचा आवाज झाला. बाबा उठताना अडखळले, कारण साखळीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस त्यांच्याआधी उठला होता. त्या माणसाला "सावकाश, भाऊ" म्हणताना मी त्यांना ऐकलं. मग ते आत गेले आणि बाकांच्या ओळींमध्ये सगळी डोकी सारखीच दिसायला लागली, सगळी भादरलेली, सगळ्यांवर तीच लाल टोपी.

गलबत धक्क्यापासून सुटलं. वल्ही एकदम उचलली गेली. एका बाजूला चोवीस असावीत. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

काकी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून ती बघत होती. "मला लांबचं दिसत नाही गं. तो कुठल्या वल्ह्यावर आहे?"

मला माहीत नव्हतं. एकेका वल्ह्यावर चारपाच माणसं होती आणि लांबून सगळे चेहरे सारखेच.

"तिसऱ्या," मी म्हणाले. "मागून तिसऱ्या."

"नक्की?"

"हो."

काकीनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि त्या तिसऱ्या वल्ह्याकडे बघून तो हलवायला लागली. मीही हात वर केला. गलबत कस्टमघराच्या टोकापलीकडे गेलं, मग डोलकाठीही दिसेनाशी झाली, तरी ती हलवत होती.

"बघतोय का तो?" तिनं विचारलं.

"बघतोय," मी म्हणाले.